मक्याच्या कणसातले पेट्रोल

नोव्हेंबर २०१० मध्ये अथेन्सला हरित ऊर्जेवरची एक परिषद भरली होती. व्यासपीठावर अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर होते. हवामानबदलावरच्या कामासाठी तीनच वर्षांपूर्वी नोबेल शांतता पुरस्कार मिळवलेल्या या गृहस्थांनी तिथे सांगून टाकले की, मक्यापासून इथेनॉल काढायला सरकारने अनुदान देणे हे काही चांगले धोरण नव्हते. मग तुम्हीच त्याला पाठिंबा कसा दिलात, याचे उत्तरही त्यांनी आडपडदा न ठेवता दिले. आपल्या टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्यांकडे लक्ष होते, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची असल्यामुळे आयोवातल्या शेतकऱ्यांविषयी जरा जास्तच जिव्हाळा वाटत होता! हा पाठिंबा नुसता भाषणातला नव्हता. १९९४ मध्ये इथेनॉलच्या बाजूच्या एका नियमावर सिनेटमध्ये समसमान मते पडली, तेव्हा निर्णायक मत गोर यांनीच टाकले होते.

आयोवा हे जेमतेम ३२ लाख वस्तीचे राज्य. पण अमेरिकेत सर्वाधिक मका तिथे पिकतो, सर्वाधिक इथेनॉलही तिथेच तयार होते, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली चाचणी कित्येक दशके तिथेच होत आली. त्यामुळे डावा असो वा उजवा, प्रत्येक इच्छुकाला मक्याच्या शेतात उभे राहून इथेनॉलचे गुण गावे लागत. जॉन मकेन यांनी २००० मध्ये या अनुदानाला उघड विरोध केला आणि आयोवात प्रचार करण्याच्या भानगडीत ते फारसे पडलेच नाहीत. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी मात्र इथेनॉलच्या सक्तीला विरोध करूनही आयोवा जिंकून दाखवले. म्हणजे ही भीती वाटत होती तेवढी खरी नसावी. पण तोवर धोरण पक्के झाले होते आणि त्यावर दोनशेच्या आसपास कारखाने उभे होते.

सगळे खापर राजकारण्यांवर फोडून मात्र भागत नाही. मोटारीत अल्कोहोल घालण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. १८६० पूर्वी अमेरिकेत घरातले दिवे अल्कोहोल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणावर जळत. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये सरकारने मद्यावर कर बसवला. दारू आणि दिव्याचे तेल यांत तो कर फरक करत नव्हता, म्हणून अल्कोहोल महागले आणि नुकत्याच निघालेल्या खनिज तेलाच्या रॉकेलला रान मोकळे मिळाले. औद्योगिक अल्कोहोलवरचा कर उठायला १९०६ साल उजाडावे लागले. तोपर्यंत पेट्रोलने बस्तान बसवले होते. हेन्री फोर्ड १९२५ मध्येही वार्ताहरांना सांगत होते की भविष्यातले इंधन शेतातून येणार, पण बाजार दुसरीकडे चालला होता. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग सापडले. पेट्रोलमध्ये चिमूटभर घातले की इंजिनाचे ठोके बंद. हेच काम अल्कोहोलही करत होते आणि मिजली यांना ते ठाऊक होते, त्यांनी तसे प्रयोगही केले होते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकत होता, तर शिशाच्या संयुगाचे पेटंट घेता येत होते. पुढची पन्नास वर्षे जगभरच्या शहरांनी शिसे हुंगले.

मक्याला दुसरी संधी मिळाली ती १९७३ च्या तेलसंकटाने. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने दहा टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलला करसवलत दिली, ती इथेनॉलच्या दर गॅलनमागे ४० सेंट पडत होती. १९८० मध्ये आयात इथेनॉलवर जकात बसली, ती पुढे गॅलनमागे ५४ सेंटवर गेली. तिचा रोख उघडच ब्राझीलच्या उसाकडे होता. खरी चांदी मात्र नंतर झाली. १९९० च्या शुद्ध हवा कायद्याने प्रदूषित शहरांतल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त द्रव्य मिसळणे बंधनकारक केले. तेलकंपन्यांनी त्यासाठी एमटीबीई हे स्वस्त रसायन निवडले. पंपांखालच्या टाक्या गळाल्या, ते रसायन भूजलात उतरले, आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला आपल्या निम्म्याहून अधिक विहिरी बंद कराव्या लागल्या. राज्याराज्यांनी एमटीबीईवर बंदी घातली. त्याची जागा घ्यायला तयार असलेला माल एकच होता : मक्याचे इथेनॉल.

२००५ मध्ये कायद्यानेच इथेनॉलचा कोटा ठरवून दिला आणि २००७ मध्ये जॉर्ज बुश यांच्या सहीने तो एकदम फुगवला. २०२२ पर्यंत ३६ अब्ज गॅलन जैवइंधन, त्यात मक्याचा वाटा फार तर १५ अब्ज गॅलन. उरलेल्यापैकी बहुतांश गवत, धाटे, लाकडाचा भुसा अशा न खाण्याच्या मालातून यायचे होते. त्याचे काय झाले ते पुढे पाहू.

कारखान्यात होते काय? मका दळायचा, पाण्यात कालवून शिजवायचा, मग विकरे घालून त्यातल्या स्टार्चची साखर करायची. नंतर यीस्ट टाकून दोन-अडीच दिवस आंबवायचे. १४-१५ टक्के अल्कोहोल असलेला जो द्रव तयार होतो, तो ऊर्ध्वपातनाने ९५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. शेवटचे पाणी काढायला वेगळी चाळणी लागते. शेवटी थोडे पेट्रोल मिसळतात, म्हणजे कुणी पिऊ नये. सुमारे २५ किलो मक्यातून साडेदहा-अकरा लिटर इथेनॉल निघते, आणि स्टार्च गेल्यावर उरलेली प्रथिने, तेल, तंतू यांची सात-आठ किलो पेंड सुकवून गुरांना घालतात. तिला तिथे आणि इथेही डीडीजीएस म्हणतात.

साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकाच्या लक्षात एक गोष्ट लगेच येईल. उसात साखर आयती असते, आणि बॉयलर पेटवायला चिपाड घरचेच असते. मक्याला दोन्ही नाही. स्टार्च फोडायला उष्णता लागते आणि ती बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू जाळून मिळते. शिवाय मक्याला भरपूर नत्रखत लागते, आणि नत्रखत हेही नैसर्गिक वायूपासूनच बनते. ब्राझीलचे उसाचे इथेनॉल खर्ची घातलेल्या जीवाश्म ऊर्जेच्या सात-आठ पट ऊर्जा परत देते असे बहुतेक अभ्यास सांगतात. मक्याचे किती देते, यावर मात्र अमेरिकेत वीस वर्षे भांडण चालले.

एका बाजूला कॉर्नेल विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड पिमेंटेल होते. बर्कलेच्या टाड पॅट्झेक यांच्यासह त्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मक्याच्या इथेनॉलमध्ये जितकी ऊर्जा असते, तिच्यापेक्षा २९ टक्के जास्त जीवाश्म ऊर्जा ते बनवण्यात जाते. म्हणजे सगळा आतबट्ट्याचा व्यवहार. दुसऱ्या बाजूला कृषी खात्याचे होसेन शापुरी. त्यांच्या २००२ च्या अहवालात एक भाग घालून १.३४ भाग परत मिळत होते. दोघेही एकाच पिकाविषयी, एकाच देशाविषयी बोलत होते. मग फरक आला कुठून? पिमेंटेल ट्रॅक्टर आणि कारखान्याची यंत्रे बनवण्याची ऊर्जाही धरत, काही आकडे जुने वापरत, आणि पेंडीचे श्रेय फारसे देत नसत. शापुरी पेंडीचे पुरेपूर श्रेय देत. २००६ मध्ये अलेक्झांडर फॅरेल आणि बर्कलेच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात असे सहा अभ्यास एका मापाने मोजून दाखवले. निष्कर्ष असा की फायदा आहे, पण बेताचाच. त्यानंतर कारखाने सुधारले, दर एकरी उत्पन्न वाढले, आणि आता हा आकडा एकाच्या बराच वर आहे याविषयी फारसा वाद उरलेला नाही. पिमेंटेल यांचा मुद्दा त्या काळातही ताणलेला होता असेच म्हणावे लागते.

पण ऊर्जेचा हिशेब सुटला तेव्हा जमिनीचा सुरू झाला, आणि तो जास्त अवघड निघाला.

२००८ च्या फेब्रुवारीत प्रिन्स्टनचे टिमथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्येच एक साधा प्रश्न विचारला. आयोवातला मका मोटारीत गेला तर आधी तो ज्यांच्या पोटात जात होता, ती गुरे आणि माणसे काय खाणार? भाव वाढतील, मग कुठेतरी, कदाचित ब्राझीलमध्ये, कदाचित खुद्द अमेरिकेत, गवताळ रान किंवा जंगल नांगराखाली येईल. त्या मातीत आणि झाडांत साठलेला कार्बन हवेत जाईल. हे सगळे धरले तर मक्याचे इथेनॉल तीस वर्षांत पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट हरितगृह वायू सोडते, आणि ते नुकसान भरून यायला १६७ वर्षे लागतील, असा त्यांचा आकडा होता. आकड्यावर टीका झाली, नंतरच्या प्रारूपांनी तो बराच खाली आणला. प्रश्न मात्र कुणालाच टाळता आला नाही.

ऊर्जा खात्याच्या अर्गॉन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये सांगितले की मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा ४४ ते ५२ टक्के कमी कार्बन सोडते. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाचे टायलर लार्क आणि सहकारी म्हणाले की ते पेट्रोलपेक्षा कमी तर नाहीच, उलट बहुधा किमान २४ टक्के जास्त सोडते. त्यांच्या मते कोट्यामुळे मक्याचे भाव ३० टक्क्यांनी चढले आणि २००८ ते २०१६ या काळात मक्याखालचे क्षेत्र २८ लाख हेक्टरांनी वाढले. अर्गॉनच्या शास्त्रज्ञांनी त्यावर सविस्तर आक्षेप घेतले, लार्क यांच्या गटाने त्यांना उत्तरे दिली. सामान्य वाचकाने कुणावर विश्वास ठेवावा? नांगराखाली आलेली जमीन अमेरिकेत डोळ्यांना दिसते. सरकार पैसे देऊन जी जमीन पडीक ठेवायला सांगत असे, ती २००७ मध्ये सुमारे ३.७ कोटी एकर होती. २०१५ पर्यंत ती अडीच कोटींच्या खाली आली. संसदेने मर्यादाच उतरवली हेही त्याचे एक कारण आहे. पण मक्याला चढा भाव असताना करार संपलेला शेतकरी जमीन पडीक ठेवील, ही अपेक्षाच भाबडी.

या वादाचा निकाल शास्त्रज्ञांआधी संसदेनेच लावला. २०२५ च्या उन्हाळ्यात संमत झालेल्या करकायद्यात स्वच्छ इंधनाच्या सवलतीसाठी कार्बन मोजताना अशा अप्रत्यक्ष जमीनबदलाचा आकडा २०२६ पासून धरायचाच नाही, असे कलम घातले गेले. विमानाचे इंधन मक्यापासून बनवू पाहणाऱ्या कंपन्यांना हवे होते तेच मिळाले.

अन्नाचा प्रश्न यापेक्षा लवकर रस्त्यावर आला होता. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको सिटीत हजारो माणसे मोर्चाला उतरली, कारण टॉर्टिया महागला होता. नवे राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांना व्यापाऱ्यांशी बोलून किलोला साडेआठ पेसोंचा भाव ठरवून घ्यावा लागला. मेक्सिकन माणूस पांढरा मका खातो आणि अमेरिकी इथेनॉल पिवळ्या मक्याचे होते, पण चढा भाव रंग पाहत नाही. पशुखाद्यवाले एकावरून दुसऱ्यावर सरकतात. २००५ च्या सुमाराला बुशेलला, म्हणजे सुमारे २५ किलोंना, दोन डॉलरच्या आसपास असलेला मका २००८ च्या जूनमध्ये सात डॉलरच्या वर गेला. यात इथेनॉलचा दोष किती? अमेरिकेचे कृषिमंत्री एड शेफर रोमच्या अन्नपरिषदेत म्हणाले, अन्नमहागाईचे दोन-तीन टक्के. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या डोनाल्ड मिचेल यांच्या टिपणात हा वाटा ७० ते ७५ टक्के दाखवला होता. त्यात जैवइंधनाबरोबर घटलेले साठे, सट्टेबाजी आणि निर्यातबंद्याही धरल्या होत्या. खरे बहुधा मध्ये कुठेतरी असेल. पण गरिबाच्या ताटाबाबत इतके लांबचे दोन आकडे देऊन दोन्ही बाजू निवांत झोपू शकल्या, हे काही शोभादायक नव्हे.

पाण्याची गोष्ट थोडक्यात. मक्याच्या शेतातले नत्र पावसाने नद्यांत, मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते आणि तिथे दर उन्हाळ्यात प्राणवायू संपलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर मोजला गेला. जून २०२५ मध्ये आयोवाच्या राजधानीत, डेस मॉइन्स परिसरात, नदीच्या पाण्यातले नायट्रेट काढता काढता जलशुद्धीकरण यंत्रणा थकली आणि अंगणातल्या हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. हे सगळे इथेनॉलमुळे नाही. तिथला मका डुकरे आणि गुरेही खातात. पण देशाच्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, तेव्हा वाट्याइतका दोष त्याचा.

आता त्या २००७ च्या वचनाकडे. गवत आणि धाटांपासूनचे इथेनॉल खरोखरच आले असते तर निम्मा वाद मिटला असता. सप्टेंबर २०१४ मध्ये आयोवातल्या एमेट्सबर्गला धाटांपासून इथेनॉल बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला, उद्घाटनाला नेदरलँड्सचे राजे आले होते. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये स्पॅनिश कंपनी अबेन्गोआचा आणि पुढच्या वर्षी आयोवातच ड्यूपाँटचा कारखाना उभा राहिला. अबेन्गोआ कर्जात बुडाली, ड्यूपाँटने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला, एमेट्सबर्गचे काम २०१९ मध्ये थांबले. धाटांसोबत येणारी माती-वाळू यंत्रे खाते, गठ्ठ्यांना आगी लागतात, आणि विकरे महाग पडतात. कायद्याने २०२२ साठी असे १६ अब्ज गॅलन मागितले होते. प्रत्यक्षात एक अब्जही गाठता आले नाही, आणि जे मोजले गेले त्यात बहुतांश कचराभूमीतून वगैरे निघालेला बायोगॅस होता. थोडक्यात, तात्पुरता पूल म्हणून आणलेला मकाच कायमचा रस्ता होऊन बसला.

मक्याच्या बाजूने बोलायचे ते बोलायलाच हवे. इंजिनाचे ठोके रोखण्याची ताकद दाखवणारा ऑक्टेन अंक इथेनॉलच्या बाबतीत शंभराच्या वर असतो. अमेरिकी शुद्धीकरण कारखाने आज ८४ ऑक्टेनचे स्वस्त पेट्रोल काढतात आणि दहा टक्के इथेनॉल मिसळून ते ८७ वर नेतात. शिसे गेले, एमटीबीई गेले, बेन्झीनसारखी द्रव्ये वाढवणे आरोग्याला बरे नाही. अशा वेळी हे काम दुसरे कोण करणार? म्हणूनच २०११ अखेर थेट सवलत आणि जकात दोन्ही संपली तरी इथेनॉलचा खप कोसळला नाही. दहा टक्क्यांपर्यंत हा व्यवहार बाजारानेही मान्य केला आहे.

अडचण दहा टक्क्यांपलीकडची. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. अमेरिकेत वर्षाला १५ अब्ज गॅलनांच्या वर इथेनॉल बनते. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या घनफळात ते दहा टक्के भरते, पण ऊर्जेत जेमतेम सात टक्के. अमेरिकेतले मक्याचे क्षेत्र अख्ख्या महाराष्ट्राच्या भूभागापेक्षा मोठे आहे. त्यावरचा एकूण एक दाणा आंबवला तरी देशाच्या पेट्रोलचा पाचवा हिस्सा भागेल. तेलाचे परावलंबन या वाटेने संपणार नव्हते, आणि संपलेही नाही. अमेरिकेची आयात घटली ती मुख्यतः टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या खडकांतून तेल काढण्याच्या नव्या तंत्राने.

हा वाद आता आपल्या दारात आला आहे. भारताने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. सुरुवातीला भिस्त उसावर होती. पण २०२३ चा पाऊस ओढ देऊन गेला, साखर कमी पडेल या धास्तीने ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, आणि आसवनीत पैसा गुंतवून बसलेले महाराष्ट्रातले कारखानदार हवालदिल झाले. बंदी नंतर सैल झाली, पण दिशा बदलली ती बदललीच. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला, उसाच्या रसाच्या इथेनॉलला तेव्हा ६५ रुपये ६१ पैसे होता. त्याच हंगामात इथेनॉलच्या कच्च्या मालात मका पहिल्या क्रमांकावर पोचला.

परिणाम अमेरिकेसारखेच, फक्त जास्त वेगाने. मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून तो आयात करू लागला. कुक्कुटपालक खाद्याच्या भावाने मेटाकुटीला आले. मक्याच्या शेतकऱ्याला मात्र कित्येक वर्षांनी बरा भाव दिसला, आणि त्याला कुणी नावे ठेवू नयेत. चिमटा बसला तो शेजारच्या बांधावर. मक्याची स्वस्त डीडीजीएस पेंड बाजारात आली, तिने पशुखाद्यातल्या सोयापेंडीची जागा खाल्ली, आणि जगभरच्या मुबलक पिकाने आधीच दबलेले सोयाबीन आणखी खाली गेले. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भात सोयाबीन त्याखाली विकावे लागले. मोटारवाल्याची तक्रार वेगळी, गाडीचे ॲव्हरेज पडल्याची. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे लिहिले होते, तेव्हा ती तक्रार अगदीच मनची नव्हे.

एक फरक मात्र अमेरिकेपेक्षा आपल्याला महाग पडणारा आहे. तिथे हेक्टरी सुमारे अकरा टन मका निघतो, भारताची सरासरी साडेतीन टनांच्या आसपास आहे. म्हणजे मक्याच्या प्रत्येक लिटर इथेनॉलमागे आपण अमेरिकेच्या तिप्पट जमीन खर्च करतो.